एकशे बत्तीस आणि एक रुमाल

“132 भरले की तू मोकळी.” पुण्यातल्या एका कॉलेजच्या खिडकीतून क्लार्कबाईंनी इतिहासाच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीला सांगितलं आणि पुढच्याचा अर्ज ओढून घेतला. रांगेत मागे उभ्या असलेल्या लेखिकेच्या डोक्यात ते वाक्य अडकलं. मंगळवारी ती त्या मुलीसोबत दप्तरखान्यात गेली.

हिशेब सरळ आहे. सत्राला 22 क्रेडिट, सहा सत्रं, झाले 132. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 लागतात, चौथं वर्ष धरून 160 ते 176. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के. मेजर, मायनर, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, सगळं क्रेडिटच्या बँकेत जमा होतं, पोस्टाच्या पासबुकात व्हावं तसं. मुलीचे आता 4 उरलेत, ऑन जॉब ट्रेनिंगचे. क्रेडिटला 30 तास, म्हणजे 120 तास; तेच ती दप्तरखान्यात भरतेय.

दप्तरखान्यात आधी वास भेटतो. डांबरगोळ्या, जुनं कापड आणि त्याखाली काहीतरी आंबूस. कागदांचा रुमाल सोडला की वास बोटांना चिकटतो. साबणाने हात धुऊनही डबा खाताना येतोच.

टेबलापलीकडे मोडी वाचणारे काका. भिंग हातात, पण बघतात चष्म्यावरूनच. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मुलीने सरावाच्या नकलेतला मजकूर लावला होता: बैल, गल्ला, कुणाची तरी येणी. तारीख होती रजब महिन्यातली, साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर, हजार. 1161. तिने त्यात 599 मिळवले आणि 1760 लिहिलं.

“मृग कधी लागतो गं?”

“जूनमध्ये.”

“आणि हा रजब?”

ती गप्प. कागदावरचं ते साल शुहूर सनाचं, आणि शुहूर सन मृगाला बदलतो. जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. त्या सालचा रजब फेब्रुवारीत पडला होता. म्हणजे 1761. पानिपत 14 जानेवारीचं. तिच्या एका आकड्याने बैलांचं पत्र युद्धाच्या आधी जाऊन पडलं होतं. तिने खोडलं नाही, बाजूला 1761 लिहून कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत बसली. तीन वर्षांतल्या कुठल्या पेपरात ती अशी थांबली असेल, शंकाच आहे.

पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाईंनी 45 खंड काढले, तेही निवडक कागदांचेच. बाकीचा ढीग असाच एकेक तारीख लावत उलगडायचा.

पाच वाजले. मुलीने हजेरीची वही पुढे केली.

“काका, तीन तासांत एकच कागद झाला. मॅडम काय म्हणतील?”

“कागद किती झाले, असा रकाना आहे का त्यात?”

नव्हता. तारीख, तास, सही, एवढेच तीन. तिने 3 लिहिले, काकांनी सही ठोकली. एकूण 61. तोवर ते रुमालाची गाठ मारायला लागले होते.