नर्सलाच व्यसन लागलं तर? नोकरी, नोंदणी आणि उपचाराचं काय होतं

ऑपरेशन झालेल्या पेशंटला वेदनाशामक इंजेक्शन दिल्याची नोंद रजिस्टरला आहे, पेशंट मात्र रात्रभर कण्हतोय. एकदा झालं तर समजू शकतं. पण एकाच सिस्टर किंवा ब्रदरच्या ड्युटीत वारंवार असं झालं, तर वॉर्डातल्यांना शंका येतेच. उरलेलं अर्धं औषध टाकून दिल्याची नोंद आहे, पण साक्षीदाराची सही नाही. कपाटाची किल्ली सोडवत नाही. नाईट ड्युटी मागून घेतली जाते. पेंटाझोसिन, फेंटानिल, ट्रामाडॉल अशी औषधं हाताशी असणं, हा या पेशातला धोकाच आहे.

मग बऱ्याचदा सहकारी सांभाळून घेतात, नाहीतर गुपचूप राजीनामा घेतला जातो. ती व्यक्ती शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या दवाखान्यात लागते आणि व्यसनही सोबत जातं. यात ना पेशंट वाचतो, ना नर्स.

कायदा काय म्हणतो? गैरवर्तन सिद्ध झालं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल नोंदणी काढून घेऊ शकते. एनडीपीएस कायद्यात सेवनालाही शिक्षा आहे. मात्र त्याच कायद्याचं कलम 64अ फारसं कुणाला ठाऊक नसतं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. औषधाची चोरी किंवा रजिस्टरमधली खोटी नोंद याला ही सूट लागू नाही, हे नीट लक्षात ठेवा.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितीला आजारात धरलंय. उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही दिलाय.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने 1983 मध्येच नर्सेससाठी वेगळी वाट काढली: आधी काम थांबवायचं, उपचार घ्यायचे, मग अटींवर परत यायचं. अशा कार्यक्रमांत काही वर्षांचा करार असतो. अचानक लघवीची तपासणी होते, सुरुवातीला नशेच्या औषधांना हात लावायचा नाही. सोपं नाहीच, पण लायसन्स वाचण्याची आशा असल्याने माणूस लवकर पुढे येतो. आपल्याकडेही वरिष्ठांनी आधी किल्ली काढून घ्यावी, उपचाराला पाठवावं आणि चौकशी रीतसर करावी.

मदतीसाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस 14416. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये महिलांसाठी स्वतंत्र विभागही आहे.