बैलाची वेसण : कशासाठी आणि कितपत?

'वेसण' हा शब्द आपल्या बोलण्यात नेहमी येतो. खर्चाला वेसण, जिभेला वेसण. परंतु ज्या बैलाच्या नाकावरून हा शब्द आला, त्या नाकात दोरी का ओवतात, हे पेठेत राहणाऱ्या किती मंडळींना सांगता येईल याची आम्हांस शंका आहे.

माळशिरसचा मुलूख खिलार बैलांचा. हा बैल अंगाने काटक, शिंगांनी लांब आणि स्वभावाने तापट. त्याचे वजन चारपाचशे किलोंच्या घरात, माणसाचे साठसत्तर. दोघांत ओढाओढ झाली तर हार कोणाची, हे सांगावयास नको. गळ्यात दावे घालून ओढावे, तर तो उलट जोर करतो. कारण मान हीच त्याच्या बळाची जागा, जू तेथेच बसते. म्हणून माणसाने नाक हेरले. दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढच्या अंगाला मऊ व फार संवेदनशील असतो. तेथे जरा ताण पडताच डोके वळते आणि डोक्यामागून अंग वळते.

म्होरकी डोक्याला, मुस्के तोंडाला, वेसण नाकाला, आणि हाकणाऱ्याच्या हाती कासरा. घोड्याचा लगाम तोंडात असतो. पण रवंथ करणाऱ्या बैलाला तोंडात लोखंड घालणे सोयीचे नाही. पैदाशीच्या वळूच्या नाकात पुष्कळ ठिकाणी धातूची कडी घालतात व तिला काठी अडकवितात. तिचा हेतू वळू आणि माणूस यांच्यात अंतर राखण्याचा.

खोंडाचे नाक टोचताना जागा चुकली की जन्माची खोड राहते. भोक फार मागे पडले तर कूर्चा दुखावते. फार पुढे पडले तर झटक्यासरशी नाक फाटते. फाटल्या नाकाचा बैल ताब्यात राहत नाही आणि बाजारात त्याची किंमतही उतरते. जखम ओली असताना तिच्यावर माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून ती भरेपर्यंत कासऱ्याचा ताण देऊ नये. वेसण सुताची, मऊ असावी. नायलॉनची दोरी कापते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याच्या ११ व्या कलमाने विहित रीतीने वेसण घालण्यास मोकळीक दिली आहे. विनाकारण वेदना देण्यास मात्र दिलेली नाही. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. वेसण ही खूण आहे, शिक्षा नव्हे. दुखेल या जाणिवेने बैल वळतो. दुखवावे लागले, तर हाकणारा चुकला असे समजावे.

आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी माळशिरसहून वेळापूरला निघते, तेव्हा रथाच्या बैलांकडे अवश्य पाहावे. भोवती अलोट गर्दी, टाळमृदंगाचा गजर. अशा वेळी एक बैल बिथरला तरी अनर्थ व्हावा. तेथे वेसण हवीच. पण ती धरणाऱ्याचा हातही पाहावा. चांगल्या गाडीवानाचा कासरा बहुधा सैलच असतो. बैल त्याचा आवाज ओळखतो, म्हणून वेसणीवर काम येतच नाही.

शेतात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. शब्द मात्र आपल्या तोंडी राहिला आहे. तो वापरताना एवढे ध्यानात ठेवावे, की वेसण घालणे सोपे. ती न ओढता काम करून घेणे, यातच हाकणाऱ्याची परीक्षा आहे.