मनांतील मूर्ति



आजच्या विषयाचें नांव ऐकून कांहींजणांस वाटेल कीं, मूर्तिपूजेवरील जुन्या खंडनमंडनाचाच पुन्हां एकदां पाठ व्हावयाचा आहे. तसें नाहीं. मी लोणारचा राहणारा. आमच्या गांवांत दैत्यसूदनाचें पुरातन मंदिर आहे आणि सरोवराच्या कांठीं लहानमोठीं अनेक देवळें आहेत. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखविणें सोपें. त्यांत आपलें कांहींच खर्च होत नाहीं. परमेश्वरावांचून अन्य कोणास देव मानूं नये, ही आज्ञा मात्र ख्रिस्ती माणसास स्वतःच्याच अंतःकरणाची झडती घ्यावयास लावते. पौलानें कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत लोभासच मूर्तिपूजा म्हटलें आहे. दगडाची वा धातूची आकृति नसतांहि मूर्ति असूं शकते, हाच त्याचा अर्थ.

मग मूर्ति म्हणावें तरी कशास? जी वस्तु मुळांत चांगली, पण जिच्यावर आपण जीविताचा सारा भार टाकला, ती मूर्ति. जुन्या करारांत याचें मार्मिक उदाहरण आहे. रानांत सर्पदंशानें लोक मरूं लागले, तेव्हां मोशेनें देवाच्या आज्ञेनें पितळेचा सर्प केला. त्याकडे पाहणारे वांचले. पुढें कित्येक पिढ्यांनीं लोक त्याच सर्पापुढें धूप जाळूं लागले, म्हणून हिज्कीया राजानें त्याचे तुकडे केले. सर्प देवाच्याच आज्ञेनें झालेला, त्याचा उपकारहि खरा. परंतु साधनानें साध्याची जागा घेतली, तेव्हां तें मोडावें लागलें.

आमच्या सरोवराकडे पाहिलें म्हणजे हा विचार अधिक उघड होतो. उल्केच्या आघातानें झालेल्या, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या या खळग्यांत धारेचें गोडें पाणी उतरतें, पावसाचेंहि येतें. पण बाहेर वाहून जाण्यास वाट नाहीं. पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार तेवढे मागें राहतात. मनुष्याचेंहि असेंच आहे. पैसा, मान आणि विद्या हे झरे गोडच. पण आलेलें कोणास द्यावयाचेंच नाहीं असें ठरलें, कीं त्यांचाच खार होतो.

आपल्या महाराष्ट्रांत ही गोष्ट कृतीनें शिकविणारीं माणसें होऊन गेलीं. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि पुढें अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचें काम वर्षानुवर्षें केलें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें, साताऱ्यास बिऱ्हाड नेलें व ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाहि या दरबारांत जागा होती. वेतन कांहीं पाप नव्हे आणि मिशनच्या शाळा-दवाखान्यांचे उपकार कोणी नाकारूं नयेत. पण सेवेचा आधार देव आहे कीं महिन्याची पहिली तारीख, हा प्रश्न संसारी माणसानें साठीच्या उंबरठ्यावर स्वतःस विचारावा आणि त्याचें उत्तर कृतीनें द्यावें, हें सोपें नव्हे. १९१९ सालीं त्यांचें देहावसान झालें. दरबारास त्यांचीं दोनच वर्षें लाभलीं.

पंडिता रमाबाईंची मूर्ति निराळी असूं शकली असती. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांच्या संस्कृत ज्ञानाचा गौरव केला होता. अशा विदुषीनें केडगांवीं बायबलाचें भाषांतर करावयास घेतलें, तें मात्र जाणूनबुजून सोप्या मराठींत. अल्प शिकलेल्या बाईसहि तें वाचतां यावें म्हणून. विद्वत्ता त्यांनीं टाकली नाहीं. तिला सिंहासनावरून उतरवून कामास लावली.

आणि लक्ष्मीबाई टिळक! जातीचें सोंवळें त्यांच्या हाडींमाशीं खिळलेलें होतें. जाति देवानें केली कीं माणसानें, याचा स्वतःशींच विचार करून त्यांनीं तें सोडलें, तेंहि बाप्तिस्म्याच्या आधीं. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यास ही हकीकत ठाऊक आहे. उलटपक्षीं, बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या लोटल्या तरी सोयरीक जुळवितांना पूर्वीच्या जातीची हळूच चौकशी करणारीं ख्रिस्ती घरें आजहि आहेत. क्रूस भिंतीवर आणि जात काळजांत, अशा घरांत पूजा कोणाची होते, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आजच्या मूर्ति ओळखावयाच्या कशा? तीन प्रश्न पुरेसे आहेत. सकाळीं डोळा उघडतांच हात कशाकडे जातो? प्रार्थनेपूर्वीं मोबाइल उचलला जात असेल, तर पहिला नमस्कार कोणास झाला हें उघड आहे. दुसरा प्रश्न : काय गेलें असतां जगण्यांत अर्थ उरणार नाहीं असें वाटतें? नोकरी, बँकेंतील ठेव, कीं मंडळींतील पद? तिसरा : कशासाठीं आपण खोटें बोलावयास तयार होतों? मी जन्मभर मास्तरकी केली, म्हणून एक मूर्ति जवळून पाहिली आहे. ती म्हणजे मुलाचे गुण. तिच्यापुढें आईबाप मुलाची झोंप, खेळ आणि प्रसंगीं सत्यहि अर्पण करतात.

सोडावयाचें म्हणजे सर्वच फेंकून द्यावयाचें, असें नाहीं. येशूनें एका दृष्टांतांत सांगितलें आहे कीं, घरांतून निघालेला भूत परत आला, घर झाडलेलें पण रिकामें आढळलें, तेव्हां आणखी सात सोबती घेऊन तो तेथें राहिला. म्हणून मूर्ति काढली कीं ती जागा भरलीच पाहिजे. मोबाइल बाजूस ठेवला, तर ती घटका प्रार्थनेस किंवा घरच्या म्हाताऱ्या माणसास द्यावी. पैशाची पकड सैल करावयाची, तर मिळकतीचा ठराविक भाग गरजवंतास आधीं द्यावा, उरलें तर नव्हे. मुलाच्या गुणांचा ध्यास सोडावयाचा, तर निकालाच्या दिवशीं गुणपत्रिका मागण्यापूर्वीं त्यास जवळ घ्यावें. उपवासकाळाचे चाळीस दिवस अशा अभ्यासासाठींच आहेत.

हें एका दिवसांत साधत नाहीं. एक मूर्ति उतरविली कीं दुसरी हळूच वर चढते. आणि ‘मीं मूर्ति सोडली’ हा अभिमान तर सर्वांत चिवट. म्हणून ही झडती रोजच घ्यावी लागते. परंतु ज्यानें हात मोकळे केले, त्यालाच देवाचें दान घेतां येतें. मुठी वळलेल्या हातांत कोणी कांहीं ठेवूं शकत नाहीं.