नाचाचे अंगण आणि वेगळा वार

लग्नसराईत दिल्लीच्या करोल बागेतून वराती निघू लागल्या की रहदारी खोळंबते. पुढे बँड, मागे घोडीवर नवरदेव, मध्ये भान विसरून नाचणारी पोरे, आणि दोन्ही कडांना झगझगीत दिवे घेऊन चालणारे मजूर. याच भागात, चामड्याचे काम करणाऱ्या रैगर समाजाचे नाव धारण करणारा रैगरपुरा आहे. तिथल्या वरातीही याच रस्त्यांवरून वाजतगाजत जातात आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. परंतु कोणी कोठे नाचावे आणि कोणाबरोबर नाचावे, हा प्रश्न सर्वत्र इतका सहज सुटलेला नाही.

या प्रश्नावर अमेरिकेत १९८८ साली चक्क एक विनोदी चित्रपट निघाला. त्याचे नाव 'हेअरस्प्रे'. दिग्दर्शक जॉन वॉटर्स. कथा १९६२ सालच्या बाल्टिमोर शहरातली. ट्रेसी नावाच्या गुबगुबीत शाळकरी मुलीला दूरचित्रवाणीवरील नाचाच्या कार्यक्रमात झळकायचे असते. ती झळकते, लोकप्रिय होते, आणि मग आपल्या कृष्णवर्णीय मित्रांना त्याच मंचावर मज्जाव का, असे विचारू लागते. चित्रपटाचा सारा थाट मुद्दाम भडक ठेवलेला आहे. केसांचे मनोरे गगनाला भिडतात, केसांच्या टोपात बाँब दडवला जातो, आणि ट्रेसीच्या आईची भूमिका डिव्हाइन या नावाने गाजलेला पुरुष नट करतो. तमाशाच्या गवळणीतील मावशी ज्याने पाहिली आहे, त्याला या अतिशयोक्तीची गंमत समजावून सांगावी लागणार नाही. मावशीलाही जे बोलता येते ते गंभीर पात्राला बोलता येत नाही.

या थट्टेखालची हकीकत मात्र खरी आहे. बाल्टिमोरमध्ये १९५७ पासून 'बडी डीन शो' नावाचा असा कार्यक्रम होत असे. त्यात रोज नाचत ती गौरवर्णीय मुले. कृष्णवर्णीय मुलांसाठी एखादा वेगळा दिवस राखून ठेवलेला असे. गाणी पुष्कळदा कृष्णवर्णीय गायकांची, पण त्या गाण्यांवर एकत्र पाय टाकायचा नाही! यात कोणाला आपण क्रूर वागतो असे वाटत नसावे. सर्वांची सोय पाहिली, दोघांनाही संधी दिली, अशीच व्यवस्थापकांची समजूत असणार. भेदभाव पुष्कळदा असा व्यवस्थेचे, वेळापत्रकाचे रूप घेऊन येतो. म्हणूनच तो ओळखू येत नाही.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही वर्णांचे काही तरुण चालू प्रक्षेपणात एकत्र नाचले. त्याच महिन्यात, २८ तारखेला, शहराजवळील ग्विन ओक हे करमणुकीचे उद्यान दीर्घ निदर्शनांनंतर कृष्णवर्णीयांना खुले झाले. नाचाचा कार्यक्रम मात्र खुला झाला नाही. मिश्र नाच गौरवर्णीय पालकांना मान्य होईना, तेव्हा कार्यक्रमच गुंडाळण्यात आला. ४ जानेवारी १९६४ हा त्याचा शेवटचा दिवस. वॉटर्सच्या चित्रपटात अखेरीस सगळे एकत्र नाचतात. इतिहासाशी ही प्रतारणा आहे असे कोणी म्हणेल, पण विनोदी नाटकाला सुखान्ताचा हक्क असतो, आणि येथे तो सुखान्तच खऱ्या शेवटाला लाज आणतो.

वेगळा वार देण्याची ही युक्ती आपल्याकडे वेगळी वाट देऊन साधली जाते. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात निझामपूर नावाचे ठाकूरबहुल गाव आहे. तेथे एका जाटव तरुणाला आपली वरात गावातील मुख्य रस्त्याने न्यायची होती. तशी प्रथा नाही, असे त्याला ऐकवण्यात आले. प्रशासनाने दुसरा मार्ग सुचवून पाहिला. त्याने तो नाकारला आणि उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. तेथेही दाद लागली नाही. तरी महिनोन्‌महिने तो मागे हटला नाही. अखेर १५ जुलै २०१८ रोजी, मोठ्या पोलिस बंदोबस्तात, ती वरात गावातून वाजतगाजत गेली.