खासदाराला कलम ५१ विचारा

१९ जुलै २०२४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिले : पॅलेस्टिनी भूमीवरील इस्रायलचा ताबा बेकायदेशीर आहे, तो लवकरात लवकर संपवावा. १८ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तशी मागणी करणाऱ्या ठरावाला १२४ देशांनी पाठिंबा दिला. भारत तटस्थ राहिला! १९८८ साली पॅलेस्टाइनला मान्यता देणारा हाच भारत.

हा विषय काढला की आमचे लोकप्रतिनिधी म्हणतात, समाजमंदिराचे बोला, रस्त्याचे बोला. परराष्ट्र धोरण आमच्या वस्तीचा विषय नाही, हे यांना कोणी सांगितले? आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढवण्यासाठी राज्याने झटावे, असे राज्यघटनेचे कलम ५१ सांगते. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणूनच ते खासदारालाच विचारावे लागते. व्याप्त प्रदेशात स्वतःची वस्ती नेऊन बसवायला चौथा जिनिव्हा करार मनाई करतो. भारत त्या करारात आहे, १९६० चा आपला कायदाही आहे.

तेव्हा निवेदनात नुसता निषेध नको. आम्ही एकच मागतो : तटस्थ का राहिलो, हा लेखी प्रश्न लोकसभेत टाका. प्रश्न स्वीकारला गेला तर मंत्र्याचे उत्तर कागदावर येते. आणि हो, निवेदनाची पोच शिक्क्यासह घ्या.