पुलावरून दिसणारं फ्लुइड मेकॅनिक्स

निकाल लागले की माझ्याकडे फ्लुइड मेकॅनिक्सला केटी लागलेली मुलं येतात. त्यातली बरीचशी बारावीला फिजिक्समध्ये चांगली असतात. उतारावरून घसरणारा ठोकळा ती झटक्यात सोडवतात, पण पाणी वाहायला लागलं की अडतात. सांगलीत हा विषय शिकवताना माझं मत पक्कं होत गेलंय की यात गणिताचा दोष थोडा. कुठे उभं राहून बघायचं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ठोकळ्याचं गणित करताना आपण ठोकळ्याच्या मागोमाग जातो. पाण्यात कुठल्या थेंबाच्या मागे धावणार? लिओनार्ड ऑयलर यांनी १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या मांडणीत थेंबाऐवजी ठिकाण धरलेलं आहे. त्या ठिकाणी वेग किती, दाब किती, एवढंच विचारायचं. सांगलीकर हे पावसाळाभर करतच असतात. ‘आयर्विनला किती फूट झालं?’ ही आयर्विन पुलापाशी चढलेल्या पाण्याची आमच्याकडची पहिली चौकशी. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. कृष्णेचं पाणी क्षणोक्षणी नवं, पण मोजपट्टी पुलापाशीच.

खरी मेख यापुढे आहे, आणि इथे मी मुलांना घाई करू देत नाही. १० सेंमी व्यासाचा आडवा पाइप पुढे ५ सेंमीचा होतो. क्षेत्रफळ पावपट झालं, म्हणून वेग चौपट. सेकंदाला १ मीटरचा ४ मीटर झाला. फ्लो स्टेडी आहे, म्हणजे कुठल्याही एका जागी दिवसभर बघत बसलात तरी तिथला वेग तोच. मुलं लगेच म्हणतात, ‘सर, मग अ‍ॅक्सिलरेशन शून्य.’ पण रुंद भागातून अरुंद भागात शिरणारा प्रत्येक थेंब तर वेग घेतोय! जागेवर काही बदलत नाही, थेंबाचं मात्र बदलतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे. हे गळी उतरायला कुणाला आठवडाही लागतो. लागू द्यावा.

ते उतरलं की डॅनियल बर्नुली यांचं १७३८ सालच्या ग्रंथातलं तत्त्व घोकावं लागत नाही. अरुंद जागी पाणी आवळलं जातं, म्हणून तिथे दाब वाढत असणार, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पण थेंबाचा वेग वाढला, तर त्याला पुढे ढकललं कुणी? मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त असल्याशिवाय हे होणार नाही. म्हणजे अरुंद भागातच दाब कमी. घर्षण सोडलं तर आपल्या पाइपमध्ये हा फरक ७,५०० पास्कल भरतो, पाण्याच्या सुमारे ७६ सेंमी उंचीएवढा. व्हेंच्युरीमीटर याच फरकावरून प्रवाह मोजतो.

लॅबमधल्या बर्नुलीच्या उपकरणावर ओळीने उभ्या पारदर्शक नळ्या असतात. पंप सुरू करण्याआधी मी प्रत्येकाकडून लिहून घेतो, कुठल्या नळीत पाणी सर्वांत खाली राहील? अनेक ठिकाणी हे प्रॅक्टिकल सत्राच्या शेवटी जर्नलपुरतं उरकतात, रीडिंगही मागच्या बॅचची उतरवली जातात. मला याचं फार वाईट वाटतं. केटी लागलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात या नळ्यांसमोर उभं करावं. रेनॉल्ड्स नंबर आणि बाउंड्री लेयरसाठी उरलेलं सत्र पडलेलं असतं.