फेसबुक, व्हॉट्सॲप सहा तास बंद पडलं, तेव्हा ते दुरुस्त करायची साधनंही सोबतच का बंद पडली?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवारची रात्र. सव्वानऊच्या सुमारास जेवणं उरकून लोक मोबाईल घेऊन बसले होते आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मेसेजसमोरचं ते छोटं घड्याळ काही केल्या जाईना. कुणी नेटपॅक तपासला, कुणी राऊटर बंद करून परत चालू केला, कुणी थेट फोनच रिस्टार्ट मारला. थोड्या वेळाने कळलं की दोष आपल्याकडे नाहीच. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप, तिन्ही जगभर एकदमच झोपलेत.

ते परत सुरू झालं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते. सगळं मिळून जवळपास सहा तास. टेलिग्रामच्या पावेल दुरोव यांनी नंतर सांगितलं की त्या एका दिवसात त्यांच्याकडे सात कोटींहून जास्त नवे लोक आले.

आता प्रश्न असा पडतो की एवढी मोठी कंपनी, हजारो इंजिनिअर, मग सहा तास का लागले?

तर झालं असं की...

फेसबुकची डेटा सेंटर्स जगभर पसरलेली आहेत आणि ती कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कने एकमेकांना जोडलेली आहेत. त्या दिवशी नेहमीच्या देखभालीचं काम चालू होतं. या नेटवर्कची क्षमता किती आहे ते बघण्यासाठी एक कमांड दिली गेली आणि तिने सगळी जोडणीच तोडून टाकली. अशी चुकीची कमांड अडवायला एक तपासणी यंत्रणा होती, पण नेमका तिच्यातच बग होता.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आपण फेसबुकचं नाव टाकलं की त्याचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर असतात, त्यांना डीएनएस म्हणतात. इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरीच म्हणा ना. फेसबुकच्या या सर्व्हरना एक नियम घालून दिला होता: डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर समजायचं की आपल्यातच काहीतरी बिघडलंय आणि इंटरनेटवरून स्वतःचं नाव काढून घ्यायचं. एखादा सर्व्हर बिघडला तर हा नियम एकदम बरोबर आहे. पण त्या रात्री सगळ्यांचाच संपर्क तुटला होता, त्यामुळे सगळ्यांनीच नाव काढून घेतलं. सर्व्हर चालू होते, पण जगासाठी फेसबुकचा पत्ताच गायब झाला.

बरं, दुरुस्ती करायला इंजिनिअरनी ज्या अंतर्गत साधनांना हात घातला असता, तीसुद्धा त्याच डीएनएसवर अवलंबून होती. म्हणजे घराला कुलूप लागलंय आणि किल्ली आतल्या कपाटात. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. तिथली सुरक्षा इतकी कडक, की आत शिरून यंत्रांपर्यंत पोहोचण्यातच वेळ गेला.

म्हणून सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर म्हणजे चौकोन आणि बाण काढून केलेली सुंदर आकृती नव्हे. हे बंद पडलं तर सोबत आणखी काय काय बंद पडेल? या एका प्रश्नाचं आधीच शोधून ठेवलेलं उत्तर म्हणजे आर्किटेक्चर.

सर्व्हिस म्हणजे नेमकं काय?

बँकेत जाऊन बघा. पैसे भरायची खिडकी वेगळी, लोनची वेगळी, लॉकरची वेगळी. लोनवाला कर्मचारी कॅशियरच्या गल्ल्यात हात घालत नाही, खिडकीतून विचारतो. सर्व्हिसवर आधारलेलं सॉफ्टवेअर असंच असतं. प्रत्येक भागाचं काम ठरलेलं, त्याचा डेटा त्याच्याच ताब्यात आणि बाकीच्यांनी फक्त ठरलेल्या खिडकीतून मागायचं. या खिडकीला एपीआय म्हणतात.

आणि क्लाऊड म्हणजे हे सगळं चालवायला लागणारे कॉम्प्युटर स्वतः विकत न घेता भाड्याने घेणं. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये आधी डेटा साठवायची एस-थ्री सेवा आणि मग सर्व्हर भाड्याने देणारी ईसी-टू सेवा सुरू केली, तिथून हा धंदा फोफावला.

आता समजा, तुम्हाला दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेणारं ॲप बनवायचंय. ते डिझाईन कसं करायचं? कागद-पेन पुरेसं आहे.

१. आधी परिस्थिती लिहा, तीही आकड्यांत

"ॲप फास्ट पाहिजे" हे वाक्य काही कामाचं नाही. "एरवी दिवसाला ५० ऑर्डर येतात, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात २,००० येतील, तेव्हाही ऑर्डर तीन सेकंदांत नोंदली गेली पाहिजे", हे कामाचं. "चकलीचा फोटो दिसला नाही तरी चालेल, पण गिऱ्हाईकाचे पैसे दोनदा कापले जाता कामा नयेत", हे तर त्याहून कामाचं. कशाला धक्का लागलेला चालेल आणि कशाला अजिबात नाही, हे इथेच ठरतं.

२. कामाप्रमाणे भाग पाडा, पण उगाच तुकडे करू नका

मेनू, ऑर्डर, पेमेंट, डिलिव्हरी. प्रत्येकाचा डेटा त्याच्याकडे. पण जितके भाग जास्त, तितकी बिघडायची ठिकाणं जास्त. साधं गणित करा. एक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू राहते, म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. आता एका ऑर्डरसाठी अशा दहा सर्व्हिस एकामागोमाग चालाव्या लागत असतील, तर अख्खी साखळी फक्त ९९ टक्के वेळ चालते. म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद!

अ‍ॅमेझॉनच्याच प्राईम व्हिडिओमधल्या एका टीमने २०२३ मध्ये याचं उदाहरण समोर ठेवलं. व्हिडिओचा दर्जा तपासणारी त्यांची यंत्रणा अनेक सुट्या तुकड्यांत होती आणि तुकड्यांमध्ये डेटा इकडून तिकडे नेण्यातच पैसा जात होता. त्यांनी ते एकत्र केलं आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला. वेगळं ठेवायचं ते वेगळं बिघडावं म्हणून किंवा वेगळं वाढवता यावं म्हणून. फॅशन म्हणून नाही.

३. प्रत्येक बाणाला विचारा: उत्तर आत्ताच हवंय का?

पेमेंट झालं की नाही, हे लगेच कळायला हवं. पण "तुमची ऑर्डर मिळाली" हा एसएमएस दोन मिनिटांनी गेला तर काय बिघडतं? अशी कामं रांगेत टाकायची. हॉटेलात वेटर ऑर्डरची चिठ्ठी किचनमध्ये लावतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो, मिसळ तयार होईपर्यंत तिथेच उभा राहत नाही. तसंच हे. एसएमएसची सर्व्हिस तासभर बंद पडली तरी चिठ्ठ्या रांगेत थांबतात, ऑर्डर घेणं चालूच राहतं.

४. उत्तर आलंच नाही तर?

घरात गीझर शॉर्ट झाला तर त्याचा एमसीबी पडतो, फ्रिज आणि पंखे चालूच राहतात. सॉफ्टवेअरमध्येही असाच सर्किट ब्रेकर असतो. समोरची सर्व्हिस वारंवार चुकतेय असं दिसलं की तिला विचारणं काही वेळ थांबवायचं आणि पर्याय दाखवायचा. उदाहरणार्थ, "तुमच्यासाठी खास" ही यादी मिळाली नाही तर सगळ्यांना आवडणारे पदार्थ दाखवा. गिऱ्हाईकाला पत्ताही लागत नाही.

किती वेळ वाट बघायची तेही आधीच ठरवा. पुन्हा प्रयत्न करताना सगळ्यांनी एकदम धडक मारू नये, प्रत्येक वेळी थोडं जास्त थांबावं. नाहीतर नुकती उठलेली सर्व्हिस गर्दीने पुन्हा आडवी होते. आणि प्रत्येक पेमेंटला एक वेगळा नंबर द्या. तोच नंबर पुन्हा आला तर पैसे पुन्हा कापायचे नाहीत, आधीचं उत्तरच परत द्यायचं.

५. मदतीची पेटी आगीच्या खोलीत ठेवू नका

फेसबुकचा धडा हाच. आणि हे तिथेच घडलं असंही नाही. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेतल्या नॉर्दर्न व्हर्जिनियामधली अ‍ॅमेझॉनची एस-थ्री सेवा चार तासांहून जास्त वेळ गडबडली. एका कमांडमध्ये एक गोष्ट चुकीची टाईप झाली आणि ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले. गंमत म्हणजे "कुठली सेवा बंद आहे" हे सांगणारा अ‍ॅमेझॉनचा बोर्डही एस-थ्रीवरच अवलंबून होता, त्यामुळे सुरुवातीला त्यावर बिघाड दाखवताच येईना.

म्हणून बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवायचा, ॲप बंद असल्याची सूचना वेगळ्या मार्गाने द्यायची आणि दुरुस्तीचा रस्ता मुख्य रस्त्यावर अवलंबून ठेवायचा नाही. ९९ टक्के चालणारे दोन सर्व्हर बाजूबाजूला ठेवले तर कागदावर ९९.९९ टक्के मिळतात. पण दोन्ही एकाच वायरवर असतील तर ते दोन नाहीत, एकच आहे.

६. मुद्दाम पाडून बघा

२००८ मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस त्यांना लोकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तेव्हा त्यांनी क्लाऊडवर जायचं ठरवलं. ते काम पूर्ण व्हायला जानेवारी २०१६ उजाडलं. या प्रवासात त्यांनी 'केऑस मंकी' नावाचं एक खोडकर सॉफ्टवेअर बनवलं. ते चालू असलेले सर्व्हर मधूनच, कुठलाही एक निवडून, बंद करतं. तेही कामाच्या वेळेत, इंजिनिअर जागेवर असताना. रात्री दोन वाजता होणारा घोटाळा दुपारी दोन वाजताच कळलेला बरा, नाही का?

फेसबुकलाही त्या रात्री अशाच सरावाचा आधार मिळाला. सगळी सेंटर्स एकदम चालू केली असती तर विजेचा भार आणि लोकांची गर्दी दोन्ही अंगावर आली असती. पण मोठा भाग बंद पाडून परत उभा करायचा सराव त्यांनी आधी केला होता, म्हणून सेवा टप्प्याटप्प्याने परत आणता आली. मात्र अख्खं नेटवर्कच गेलंय, असा सराव त्यांनी कधी केलेला नव्हता.

सर्व्हर बंद पडणारच, माणूस चुकीची कमांड देणारच. ते टाळता येत नाही. एका चुकीने किती जणांची दुकानं बंद होतील, एवढंच आपल्या हातात असतं.

आणि हा प्रश्न फक्त इंजिनिअरसाठी नाही बरं का. तुम्ही साड्या, केक किंवा फराळाच्या ऑर्डर फक्त व्हॉट्सॲपवर घेत असाल, तर गिऱ्हाईकांचे नंबर आज एका वहीत उतरवून ठेवा. तुमच्या धंद्याचं आर्किटेक्चर तिथूनच सुरू होतं.